सासूबाईंची गाडी आणि पहाटेची टकटक

गाडी शेडबाहेर काढली, नळाशेजारी लावली, फोन खिशात टाकला आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

गाडी माझ्या साळ्याची, सुधाकरची. आदल्या संध्याकाळी रोहण्याहून, म्हणजे माझ्या सासुरवाडीहून, त्याने ती माझ्या वर्ध्याच्या गॅरेजात आणून लावली होती. ती रात्रभर थंड व्हावी आणि सकाळची पहिली स्टार्ट मी स्वतः कान देऊन ऐकावी, एवढ्यासाठीच. मी सकाळी आलो, सवयीने रात्रीच्या सगळ्या गाड्या एकेक करून बाहेर काढल्या, आणि त्यांच्यासोबत तीही काढली. कानाला फोन. पलीकडून एक कस्टमर क्लचप्लेटचं काय झालं म्हणून भांडत होता. इंजिन केव्हाच गरम झालं आणि शहाण्या बाळासारखं चालू लागलं. आता दुसऱ्या सकाळपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघणार नव्हता.

सुधाकर आमच्याच घरी मुक्कामाला होता. माझा डबा घेऊन मागोमाग आला.

"भाऊजी, ऐकला का आवाज?"

"ऐकला असता."

"म्हंजे?"

"मी फोनवर होतो."

जावयाला उलटून बोलायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण. सुधाकरने डबा मात्र जरा जोरात ठेवला.

तक्रार अशी होती. सकाळी गाडी स्टार्ट केली की बॉनेटखाली टकटक टकटक सुरू व्हायची. थोड्या वेळाने आपोआप बंद. मग दिवसभर काही नाही. गावाकडच्या एका मेकॅनिकने सांगितलं होतं, इंजिन खोलावं लागेल, आठ-दहा दिवस गाडी विसरा.

आवाज टॅपेटचा वाटत होता, म्हणून इथे टॅपेटबद्दल थोडं सांगतो. इंजिनाच्या डोक्यावर वॉल्व्ह असतात, म्हणजे लहान लहान दारं. एका दारातून हवा-पेट्रोल आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. ही दारं उघडणाऱ्या भागांच्या मध्ये टॅपेट बसतो. या गाडीतल्या टॅपेटच्या पोटात ऑईल भरतं आणि ते ऑईल मधली फट भरून काढतं. पोट रिकामं असलं की फट उरते, लोखंडावर लोखंड आपटतं. तीच टकटक. थंडीत पहिल्या क्षणी जराशी होते, त्याचं काही नाही. पण ही लांबत होती, आणि त्याची कारणं दोन टोकांची असू शकतात. ऑईल पंप मरायला टेकला असेल तर इंजिन कधीही रस्त्यात जाम होणार. ऑईल नुसतं उशिरा पोचत असेल तर काम किरकोळ.

एरवी मी म्हटलं असतं, पाहू सवडीने. पण या गाडीत सासूबाई बसतात. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी सेवाग्रामला आणावं लागतं, सूर्य उगवायच्या आत निघून. पाळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पुढची पाळी परवा होती. आणि सासूबाईंनी जाहीर केलं होतं की दात वाजवणाऱ्या गाडीत त्या बसणार नाहीत.

"वावराच्या मधात बंद पडली तं मले पाठीवर नेशील काय?" असं त्यांनी सुधाकरला विचारलं होतं. उत्तर त्याला माझ्याकडून हवं होतं.

गेज लावून गरम इंजिनाचं ऑईल प्रेशर मोजलं. बरोबर आलं. अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेल्या अर्ध्यासाठी पहाट हवी होती, आणि परवासाठी गाडी तर गावात पाहिजे होती. गेज, पाने आणि लांब स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकले आणि संध्याकाळी सुधाकरसोबत सासुरवाडीला निघालो.

रात्री गाडीची चावी मी उशाखाली घेऊन झोपलो. सासूबाईंनी पाहिलं.

"जवाईबुवा, आमच्या घरी चोर नाई येत."

"मामी, चोराची नाई, तुमच्या पोराची भीती वाटते. जवाई आला म्हून पहाटेच गाडी काढन अन् पुलगावहून जिलबी आणन. मंग मी पुन्हा गरम इंजिन ऐकत बसीन."

सुधाकरने मान खाली घातली. त्याचा बेत तोच होता.

पहाटे अंगणात इतकी थंडी होती की माझेच टॅपेट वाजत होते. बॉनेट उघडलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरांची नळी असते, तसं हे आमचं. सुधाकरने चावी फिरवली.

टकटक टकटक टकटक!

मी टोक इकडून तिकडे सरकवत गेलो. एखादा टॅपेट खराब असता तर आवाज एकाच जागी मोठा लागला असता. इथे सगळेच कोरडे बोंबलत होते. डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा तेवढाच वेळ जळत राहिला. गेजचा काटा शून्यावर झोपलेला. मग तो एकदम उठला, थेट वर गेला, दिवा विझला, टकटक थांबली.

पंप ठणठणीत होता. ऑईल उशिरा येत होतं, कारण रात्रभरात ते वरून सगळं खाली उतरून जात होतं. उतरू न देणारी एक वस्तू इंजिनात असते. ऑईल फिल्टर. त्याच्या आत एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद झालं की तो मिटतो आणि ऑईल धरून ठेवतो.

"सुधाकर, फिल्टर कुठून बदलला?"

सुधाकरने ओसरीवर आलेल्या आईकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर सारखा केला.

"त्याले नका बोलू. मीच म्हटलं होतं, तुमच्याकडं नको नेऊ म्हून. जवाई माणसाले तेलात हात घालाले लावतं काय कोनी? चौकातल्या पोराकडून घेतलं करून."

"अवो मामी, मी दिवसभर तेच तर करतो!"

"दुसऱ्याइचं करता नं. आमचं काऊन?"

इतकी वर्षं मी या घरात पाटावर बसून पुरणपोळी खाल्ली, स्वतःहून कधी म्हटलं नाही की एकदा बॉनेट उघडा, पाहतो.

आता इंजिन पुन्हा थंड व्हायची वाट पाहणं आलं. दुपारपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलं. तेवढ्या वेळात माझे पोहे, चहा, जेवण आणि पुन्हा चहा झाला. जेवणानंतर मी शर्ट काढला, सुधाकरची लुंगी गुंडाळली आणि अंगणात पोतं अंथरलं.

"हे काय? खाली घुसून राह्यले तुम्ही?" सासूबाई ओसरीवरून ओरडल्या. "शेजारचे पाह्यतीन!"

"पाहू द्या. तुम्ही आत जा."

त्या आत गेल्या. दार मात्र उघडंच ठेवलं.

या इंजिनाला फिल्टर आडवा बसतो. पडदा चांगला असता तर खोलल्याबरोबर त्यातून भरपूर ऑईल सांडलं असतं. मी खाली डबा धरून तयार होतो. फिल्टर फिरवला, काढला, उलटा केला. चार थेंब पडले. आत बोट घातलं तर पडदा खापरासारखा कडक, एका बाजूने उचललेला. बाहेरून हा नकली फिल्टर अगदी अस्सल दिसत होता. रंग तोच, आकार तोच.

आडवा पडल्या पडल्याच मी मोठ्याने हसलो. सुधाकर घाबरला.

"काय झालं भाऊजी?"

"काई नाई. इंजिन खोला लागत नाई. आर्वीले जा, कंपनीचा फिल्टर अन् बरोबर ग्रेडचं ऑईल घेऊन येजो. ग्रेड मी लिहून देतो. दुकानदार म्हनन जाड ऑईल न्या, आवाज दबन. ऐकजो नको."

जाड ऑईल थंडीत आणखीच उशिरा चढतं. आवाज दबल्यासारखा वाटतो आणि इंजिन झिजत राहतं. सुधाकर मोटरसायकलवर गेला आणि उन्हं उतरायच्या आत आला. जुनं ऑईल काढलं, नवा फिल्टर अर्धा ऑईलने भरला, त्याच्या रिंगला बोटाने ऑईल लावलं आणि हाताने घट्ट बसवला. एकदा चालू करून लीक पाहिलं, बंद केलं. पुढचं रात्रीच्या हाती. मी सगळ्यांना सांगितलं की काळजी नाही, आणि स्वतः रात्रभर कूस बदलत राहिलो. चुकलो तर सकाळी सासूबाई घरी बसणार होत्या, आणि ती पाळी मी कुठून भरून देणार?

पहाटे सासूबाई स्वेटर, शाल, हातात पिशवी घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. गाडीपासून लांब. सुधाकरने चावी फिरवली.

टिक. एकदाच. दिवा विझला. मग नुसती घुरघुर.

सुधाकरने माझ्याकडे पाहिलं, मी विझलेल्या दिव्याकडे. सासूबाई जवळ आल्या, बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ तशाच थांबल्या, मग मागचं दार उघडून आत बसल्या.

"चाला मंग. उशीर काऊन करून राह्यले?"

वर्ध्यापर्यंत त्या सगळा वेळ झोपल्या. मी पुढच्या सीटवर बसून इतका निवांत झालो की मीही झोपलो. सेवाग्रामला वेळेत पोचलो, पाळी झाली.

तर सकाळच्या टकटकीला घाबरून लगेच इंजिन खोलू नये. आवाज किती वेळ राहतो, एका जागचा आहे की सगळीकडचा, लाल दिवा केव्हा विझतो, एवढं आधी पाहावं. आणि फिल्टरच्या आतलं बाहेरून दिसत नाही, म्हणून तो ओळखीच्या माणसाकडून बसवावा, जावई असला तरी.

हे सगळं मी घरी बायकोला रंगवून सांगितलं. पोत्यावर कसा झोपलो, काटा कसा उठला, तिची आई कशी बॉनेटला हात लावून उभी राहिली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आईचा फोन येऊन गेला," ती म्हणाली.

"काय म्हणे?"

"गाडीचं काई नाई बोलली. म्हणे, जवाईच्या बनियनले मागून दोन भोकं हायत, नवा घेऊन देजो."