झाकणवाला आणि जीभवाला

आमचे थोरले साडू रागावलेले नाहीत असा दिवस लातूरचा जिल्हा झाल्यापासून उगवलेला नाही. त्याआधी उगवला असेल तर मला माहीत नाही, कारण माझं लग्न त्याच साली झालं. जिल्हा झाला म्हणून बाजारात पेढे वाटले जात होते, ओळख नसलेली माणसं एकमेकांच्या तोंडात पेढा कोंबत होती, आणि हे एकटे आपल्या भांड्यांच्या दुकानात कपाळाला आठ्या घालून बसलेले. का, तर "आता मोठमोठे साहेब येतील आन् एका तांब्यासाठी तासभर घासाघीस करतील." माझी त्यांची ही पहिली भेट. मी पाया पडायला जरा कसनुसा वाकलो, तर म्हणाले, "मास्तर, वाकायचं तर नीट वाका, न्हाई तर राहू द्या." मी कंधारच्या शाळेत शिकवायचो. माझ्या आवाजाने तिथे शेजारचा वर्गसुद्धा गप्प व्हायचा, म्हणजे मीही काही गरीब गाय नव्हे. पण त्या दिवशी मी नीट वाकलो.

त्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, अक्का. अण्णांच्या रागाला ऋतू नाही. पाऊस पडला तर गिऱ्हाईक येत नाही म्हणून राग, नाही पडला तर आभाळावर राग. ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी त्यांच्या दुकानात कधी नव्हे एवढी गर्दी होती. नळ महिन्यातून एखाद्या दिवशी यायचा, म्हणून जो तो साठवायला भांडी नेत होता. दुसरा दुकानदार असता तर त्याने गल्ल्याला हार घातला असता. अण्णा मात्र प्रत्येकावर खेकसायचे, "घागरी घेऊन राहिले! भरायला काय आणणार, माझं डोकं?" घागर मात्र ते पारखूनच देत. भांड्याला बोटातल्या अंगठीने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर खरं, बसकं वाजलं तर खोटं. ही कसोटी ते कलिंगडाला लावतात, दुसऱ्याच्या घराच्या दाराला लावतात आणि एकदा दवाखान्यात डॉक्टरच्या टेबलालाही लावली होती. त्यांचा दुसरा सिद्धांत असा, की ज्याला झाकण नाही ते भांडंच नव्हे.

या दोन सिद्धांतांचा गाण्याच्या यंत्राशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

अण्णांचे वडील दर सोमवारी मठात भजन म्हणत. त्यांचा आवाज घरातल्या कुणीतरी कधीकाळी कॅसेटवर घेतला होता. कॅसेटला बुरशी लागायच्या आत अण्णांनी नांदेडहून तिची सीडी करून आणली, आणि त्यानंतर कॅसेट गेलीच. वडीलही गेले. उरली ती एक सीडी. दर सोमवारी संध्याकाळी अण्णा हातपाय धुऊन, विभूती लावून ती सीडी वाजवत. तेवढा अर्धा तास ते कुणावरही चिडत नसत. अक्का म्हणायची, "आठवड्यातून अर्धा तास माझा सासरा मला सांभाळतो." मी फोनवर उतरवून देतो म्हटलं, तर म्हणाले, "फोन खिशात घालून मी मुतारीत जातो. तिथं बाबांना न्यायचं?"

त्यांचं तेव्हाचं यंत्र ट्रेवालं होतं. बटण दाबलं की पुढून ट्रे बाहेर येतो, त्यावर सीडी ठेवायची, पुन्हा आत. एका सोमवारी मी तिथेच होतो. भजन चालू असताना लाइट गेली. लोडशेडिंग आम्हाला नवीन नव्हतं, पण वीज नसली की हा ट्रे उघडत नाही, हे अण्णांना नवीन होतं. बाबा आत अडकले असा त्यांचा समज झाला. पाच मिनिटं त्यांनी यंत्राला समजावलं, पाच मिनिटं शिव्या दिल्या, मग स्क्रू ड्रायव्हर घालून ट्रे उचकटला. सीडी निघाली, पण तिच्यावर बोटभर लांब ओरखडा पडला होता. पाऊण तासात लाइट आली. तेव्हापासून तिसऱ्या भजनात "रिकाम्या हाती आलो, देवा" एवढं म्हणून बाबांचा आवाज उडी मारतो आणि थेट पुढच्या कडव्यात जातो. मधली ओळ गेली ती गेलीच. अण्णा ती जागा आली की स्वतः म्हणतात, "रिकामा धाडू नको." त्यांचा आवाज बसक्या पातेल्यासारखा आहे, त्यांच्याच कसोटीला तो कधी उतरला नसता. पण ते वेळ चुकवत नाहीत.

तेव्हापासून ट्रे या वस्तूशी त्यांचं हाडवैर. "बटण दाबलं की जीभ काढतंय, मास्तर. आपल्याच घरात, आपल्यालाच." मोडलेलं यंत्र थुकपट्टी लावून काही वर्षं चाललं, त्या दुष्काळी उन्हाळ्यात कायमचं बसलं, आणि नवीन निवडायला अण्णांनी मला नांदेडला बोलावून घेतलं. जुनी यंत्रं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या मियाँच्या दुकानात आम्ही दुपारभर होतो. मियाँनी दोन यंत्रं पुढे ठेवली. एक ट्रेवालं. दुसऱ्याला वरून झाकण: ते उचलायचं, सीडी हाताने ठेवायची, तिच्यावर एक छोटी चकती बसवायची, झाकण लावायचं. अण्णांनी ट्रेवाल्याची जीभ अकरा वेळा बाहेर काढायला लावली आणि अकराही वेळा तिच्यावर रागावले. मग अंगठीने दोन्ही यंत्रांना टिचकी मारली. ट्रेवाल्याचा पत्रा बसका वाजला, झाकणवाला जड धातूचा, खणकन वाजला. निवड झाली. आवाज कसा आहे ते ऐकून घेऊ, असं मी म्हणालो तर म्हणाले, "ऐकला की आत्ता."

मियाँ चांगला माणूस. म्हणाला, "चाचा, माल अच्छा है, पन इसके उप्पर कुछ रखने का नै. उप्पर की जगह खाली होना. ट्रेवाला किधर बी घुस जाता." अण्णा भडकले. "चाळीस वर्षं भांडी ठेवून राहिलो, मला ठेवणं शिकवतो?" परतीच्या बसमध्ये ते यंत्र मांडीवर घेऊन बसले आणि कंडक्टर शेजारून गेला तरी चिडले.

मियाँचं म्हणणं घरी आल्यावर कळलं. दुकानामागे त्यांच्या दोन खोल्या. नळ येऊन गेला होता. घरात जिथे म्हणून सपाट जागा होती तिथे भरलेलं भांडं होतं: हंडे, कळश्या, पातेली, डबे, खिडकीत ओळीने फुलपात्रं. यंत्राची जागा म्हणजे कमरेएवढं एक टेबल, आणि त्यावर अक्काचा प्यायच्या पाण्याचा हंडा, कारण अक्काचे गुडघे गेलेले, तिला वाकता येत नाही. अण्णांनी हंडा खाली जमिनीवर ठेवला आणि टेबलावर झाकणवाला मांडला. अक्का म्हणाली, "आता गाणं प्यायचं का?" अण्णा म्हणाले, "आठ दिवसांत सवय हुईल."

सवय कसली होते? आठ दिवसांनी मी गेलो तर अक्का भिंतीला हात लावून, एक पाय लांब करून, तांब्या हंड्यात बुडवत होती. माझ्यासमोरच तिचा तोल गेला. ती बसली ती हंड्याला घेऊनच, आणि अर्धा हंडा फरशीवरून मोरीकडे वाहत गेला. त्या दिवसांत असं पाणी वाहताना बघणं म्हणजे काय होतं ते लातूरच्या माणसालाच विचारावं. अक्काला लागलं नव्हतं, पण ती पदराने फरशीवरचं पाणी टिपून पातेल्यात पिळायला लागली. अण्णा ओरडले, "नीट वाकता येत न्हाई तुला?"

माझं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या वरचा सूर लावला. "ती वाकणार नाही! ट्रेच्या नावाने किती वर्षं शंख करताय? ओरखडा ट्रेने नाही पाडला, तुम्ही पाडलात. पाऊण तास धीर धरला असता तर बाबांची ओळ आज जागेवर असती."

अण्णांनी खाली बसून अक्काच्या हातातला पदर सोडवला आणि हंडा सरळ केला. मी तणतणत निघालो. कंधारची बस औसा नाक्यावर नाही, स्टँडवर मिळते, हेही रागात विसरलो आणि उलट्या दिशेने बराच चाललो. चालता चालता मला ती सोमवारची संध्याकाळ पुन्हा दिसायला लागली. अंधारात अण्णा हात पुढे करून म्हणाले होते, "काही टोकदार द्या, मास्तर." मी शिकलेला माणूस. थांबा, लाइट येईल, एवढं मी म्हणू शकलो असतो. पण मलाही घाई झाली होती, आणि दुकानातल्या खणातून स्क्रू ड्रायव्हर शोधून त्यांच्या हातात देणारा मीच होतो. पेढ्यावर चिडणाऱ्या, आभाळावर खेकसणाऱ्या या माणसाने ती गोष्ट मला एकदाही ऐकवली नव्हती. आजही ऐकवली नाही.

महिनाभर मी लातूरला गेलो नाही. मग सोमवार बघूनच गेलो. टेबलावर आता एक उंच पायांचा चौरंग होता. चौरंगावर अक्काचा हंडा, आणि चौरंगाखाली मियाँकडचा तो ट्रेवाला. झाकणवाला नांदेडला परत गेला होता. अण्णांनी बटण दाबलं, ट्रे बाहेर आला. "काढ, काढ जीभ," ते म्हणाले, "लाज न्हाई तुला." अक्का उभ्या उभ्या तांब्या भरून घेत होती. मी विचारलं, "हा बसका वाजतो ना, अण्णा?" "हाव," ते म्हणाले. "हाय तर हाय."

तिसरं भजन आलं. "रिकाम्या हाती आलो, देवा" म्हणून बाबांनी उडी मारायच्या आत अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. मला कळायला अर्धा क्षण लागला. मी ती ओळ म्हटली. बाबा पुढच्या कडव्यात गेले. "लई बेसूर," अण्णा म्हणाले, "असं पोरान्ला शिकवत होता का?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पुढे पाऊस झाला, नळ आला, खिडकीतली फुलपात्रं फळीवर गेली. चौरंग तिथेच आहे. अण्णा आता थकलेत, आणि ती ओळ बहुतेक मीच म्हणतो, त्यासाठी सोमवारची बस धरतो. स्क्रू ड्रायव्हरचा विषय मात्र त्यांनी अजून काढलेला नाही. एवढं सगळ्यांवर ओरडले, एकदा त्यावरूनही माझ्यावर ओरडावं, असं मला दर सोमवारी वाटतं.