आठ नसलेला आकडा

दहावीच्या गणिताच्या पेपरला मी बसलो, ते निघोजे गावच्या चौकातल्या बाबांमुळे. नाव माहीत नाही. उभ्या ट्रेलरच्या धुळीवर ते रोज बोटानं आकडे लिहायचे. सातवीनंतर शाळा सोडून परभणीहून इथल्या कंपनीत कामाला आलेला, बाहेरून दहावीचा फॉर्म भरलेला मी, पेपरच्या सकाळी घाबरून खोलीकडे परत निघालो होतो.

"आठवीच केली नाही बाबा, दहावी कशी जमणार?"

त्यांनी धुळीवर १२३४५६७९ लिहिलं. "मोबाइलवर ह्याला सत्तावीसनं गुण, लेका."

३३३३३३३३३! मी ओरडलोच. पंचेचाळीसनं गुणलं, तर सगळे पाच!

"पण यात आठ कुठंय?"

"न्हाईच. घालून बघ, सगळं बिघडतंय." बोट धोतराला पुसत ते हसले. "पळ आता!"

पळालो. बाबा, एक दिवस तुम्हालाही माहीत नसलेला आकडा शोधून त्याच धुळीवर लिहून दाखवीन.