आत्याशी हिंदीत

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण एका सकाळी पोलीस ठाण्यात आलेली ती बाई आजही डोळ्यांपुढे येते. रायपूरच्या बूढ़ापारा वस्तीत राहणारी, रेल्वेतल्या बाबूची बायको. तक्रार एवढीच, "साहेब, माही भाची माह्याशी फोनवर हिंदीत बोलली!"

हवालदार फिस्सकन हसला. रायपुरातली आमची मराठी पोरं घरीसुद्धा हिंदीतच उत्तरं देतात. पण ही पोट्टी आईमागे या आत्यानंच वाढवलेली, आणि घरात हिंदी बोललं की चहा बंद, असा आत्याचा कायदा. दोन वर्षं नोकरी शोधून दहा दिवसांपूर्वी ती भनपुरीकडे कुठल्याशा ऑफिसात लागली होती. राहायलाही तिकडेच गेली, पण पत्ता द्यायला तयार नव्हती. आता फोन आला होता, "छोटे को कल ओरिजिनल मार्कशीट लेकर भेज दीजिए, भनपुरी के बस स्टॉप से ले लेंगे." छोटे म्हणजे आत्याचा मुलगा.

पत्ता लपवून ओरिजिनल कागद मागणं मला खटकलं; ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद केली. दुसऱ्या दिवशी मुलाला स्टॉपवर उभं केलं, मागे साध्या वेशातले दोन शिपाई. न्यायला आलेल्या माणसाच्या पाठोपाठ आम्ही एका घरात शिरलो. वीसेक पोरं-पोरी सतरंजीवर बसलेली, प्रत्येकाच्या वहीत नातेवाइकांची नावं. स्वतः फी भरायची, मग आणखी दोघांना आणायचं, त्या दोघांनी आणखी चौघांना. विकायला माल काहीच नाही.

टाय लावलेला लीडर म्हणाला, "सर, सब अपनी मर्ज़ी से हैं." त्यांतच बसलेली आत्याची भाचीही तेच म्हणाली. पण उत्तराआधी तिनं त्याच्याकडे पाहिलं. असली नजर मी ओळखतो. महिला शिपायासोबत तिला बाजूच्या खोलीत नेलं आणि आत्याला फोन लावून दिला.

"जेवली का वं?" आत्यानं विचारलं.

पोरगी हमसून रडली. "आत्या, मले घेऊन जा."

मग भराभर बोलली. सगळ्यांच्या मार्कशीटा लीडरच्या कपाटात कुलूपबंद होत्या. कपाट उघडलं, पंचनामा केला, एकही कागद गहाळ नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

ठाण्यात, आत्यासमोरच, मी तिच्यावर उखडलोच. "शिकलेली पोट्टी तू, काहून फसली? अन् हिंदीत बोलायले त्या लीडरनं लावलं काय?"

"नाही साहेब. तो मराठीतच बोल म्हणे, घरच्यांले बरं वाटते. त्याले मराठी समजे, शेजारीच बसून ऐके. म्हणून मीच हिंदीत बोलली. मले माहीत होतं, आत्या भडकन. अन् भडकली का गप्प बसत नाही."

मूर्ख समजून मी जिला झापत होतो, तिनंच स्वतःची आणि त्या वीस जणांची सुटका घडवून आणली होती. त्यानंतर फसलेल्या माणसाला "काहून फसला?" असं मी कधी विचारलं नाही, आणि कुणाच्या तक्रारीवर हवालदाराला हसू दिलं नाही.

त्या दिवशी तेवढ्यात चहा आला. आत्या पोरीवर डोळे वटारून म्हणाली, "हिंदीत बोलली ना? आज चहा नाही तुले!" आणि आपला ग्लास तिच्यापुढे सरकवला.