लाल खड्याचा मुकुट

दर रविवारी आम्ही पनवेलची दहाबारा माणसं टेम्पो करून उरणच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला जातो. मुकादम मी. माझा आवाज मोठा आहे आणि तो कमी करायचा माझा विचार नाही. दीड दिवसाचे गणपती गेले की दुसऱ्या सकाळी, वार कुठलाही असो, जायचंच. त्या दिवशीचा नियम वेगळा. भरतीने परत आणलेली मूर्ती गोणीत घालायची नाही. चपला काढून दोघांनी उचलायची, टेम्पोत चादरीवर ठेवायची आणि पनवेलच्या विसर्जनाच्या हौदावर न्यायची.

घरात मात्र माझं काही चालत नसे. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गणपती प्लास्टरचा, चांगला ठसठशीत लागे, आणि दीड दिवसाने विसर्जन उरणच्या समुद्रातच. "देवाला हौदात कोंडू नकोस, सूनबाई," ते म्हणत. दरवर्षी भांडण, दरवर्षी त्यांचीच सरशी.

यंदा ते हट्टाने सफाईलाही आले. गुडघे धरलेले, म्हणून टेम्पोपाशी खुर्चीत बसून सगळ्यांना पाणी देत होते. मी पाण्याच्या कडेने निघाले आणि थबकले. वाळूत आडवी मूर्ती, सोंड तुटलेली, एक हात नाही. मुकुटावरचे खडे मीच चिकटवले होते. हिरवे संपले म्हणून शेवटचा लाल. तो जागच्या जागी होता.

म्हणजे भांडण मी जिंकले होते. नुसती बाबांना हाक मारायची. पण आदल्या संध्याकाळी मूर्ती पाण्यात सोडताना त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले होते. मला हाक मारवेना. मी गोणी पसरून मूर्ती झाकून टाकली.

उरणच्याच करंजा बंदराकडची एक कोळीण किनाऱ्यावर आम्हाला येऊन मिळते. ती जवळ आली. "ताई, देवाला गोनी नाय लावायची, तुमीच सांगता ना?" तिचा आवाज माझ्याहून मोठा.

बाबा काठी टेकत आले. वाकून त्यांनी गोणी बाजूला केली. लाल खड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"पुढच्या वर्षी लवकर या म्हणालो होतो," ते म्हणाले. "हा दुसऱ्याच दिवशी आला."

मला रडू आलं. त्यांनी चपला काढल्या, मी दुसरी बाजू धरली. टेम्पोत ते मूर्ती चादरीवर ठेवू देईनात, मांडीवरच घेऊन बसले. पनवेल जवळ येईपर्यंत मुकुटावरची वाळू पुसत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी शाडूचा आण. लहानसा. हौदात सोडताना मला एकट्याला उचलता येईल एवढा."