जेवायला आलेला कारखाना

जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या द्वारकाच्या घरात भिंतीला एक खिळा सापडायचा नाही. का, तर नवऱ्याची, म्हणजे उत्तमची, रेल्वेतली बदली कधीही मिरजेला होईल! पोरगा वरुण कॉलेजात गेला, तरी बाईचं मन अजून बांधाबांध करून बसलेलं.

आता गंमत ऐका. कोल्हापूरचे निलय पंपांचे सुटे भाग करतात. गिऱ्हाईक सगळं उत्तरेकडं, मग माल एवढ्या लांब वाहायचा कशाला, म्हणून जयपुरात दुसरा कारखाना काढायचं त्यांनी घेतलं. मुरलीपुऱ्यात शेड बघितली, वीज बघितली, पाणी तपासलं, ट्रकवाल्यांशी बोलणी केली. माणूससुद्धा हेरून ठेवला. तो म्हणजे द्वारकाच्या शेजारणीचा, कलावतीचा नवरा प्रकाश. लेथवर हात बसलेला गडी, पण वर्कशॉप बंद पडल्यापासून घरीच. सगळं जमलं होतं. निलयच्या बायकोला, सुरुचीला, गाव दाखवायचं तेवढं राहिलं होतं. गावाकडची माणसं म्हणून उत्तमनं दोघांना जेवायला बोलावलं.

कोल्हापूरची बोली कानावर पडली आणि द्वारकाचा बांध फुटला की हो!

"काय सांगू सुरुची! उन्हाळ्यात नळाला हात लावला तर चटका बसतोय. आणि हा वरुण! मी मराठीत बोलते, हा 'मतलब?' म्हणतोय. आईला 'मतलब' विचारणारा पोरगा बघितलायस कुठं?"

सुरुची हसली. मग मांडीवरच्या आपल्या लेकीकडं बघत बसली. भाकरी तशीच राहिली.

आठवड्यानं निलयचा उत्तमला फोन. "जागा उत्तम आहे हो. पण घरच्यांचं मन घेईना."

द्वारकाला उमगलं, हे आपल्याच तोंडानं केलं. कलावती रोज कुंपणावरून विचारायची, "वहिनी, साहेबांचा काही निरोप?" आणि ही म्हणायची, "कळवतील की." असं चार-पाचदा झाल्यावर तिला आरशात बघवेना. शेवटी तिनं सुरुचीला फोन लावला.

"मी बोलले ते खोटं नव्हतं गं, पण अर्धंच होतं. मला टायफॉइड झाला तेव्हा समोरच्या मारवाडी बाईनं महिनाभर डबा पुरवला. हे सांगायचं राहूनच गेलं."

"काकू," सुरुचीनं हळूच विचारलं, "बदली झाली तर जाल?"

आता एवढं 'नाही' म्हटलं असतं तर प्रकाशचं काम झालं असतं. शब्द ओठापर्यंत आलाही. पण फोनमधून त्या लेकीचं "आई, भूक लागली" ऐकू आलं, आणि द्वारका म्हणाली, "उद्या जाईन."

फोन ठेवून ती तडक कलावतीकडं गेली. ती मेथी निवडत होती. द्वारकानं सगळं ओकून टाकलं. जेवण, तक्रारी, आत्ताचा फोन, काही ठेवलं नाही.

कलावतीची बोटं थांबली.

"दोनदा?" ती म्हणाली. "एकदा जेवताना, आणि आज परत?"

"व्हय. शिव्या घाल मला."

"शिव्या कशाला घालू? चहा टाकते. पण वहिनी, ह्यांना तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार. कालच दाढी करून शर्ट इस्त्री करून ठेवलाय त्यांनी."

चहा आला. कप हातात धरून द्वारका बसून राहिली. फाटकाशी प्रकाशची स्कूटर थांबली, तशी कप खाली ठेवून, पदर सावरत ती उठली.