ओड्नीचे लाडोबा

ओड्नी बोटीतून पिंजऱ्यापाशी पोचायच्या आधी तिचा आवाज पोचायचा. "जेवलात का रे लाडोबांनो?" आणि ही चौकशी आमची नव्हे, माशांची!

आमच्या फियॉर्डमध्ये, डोंगरांत शिरलेल्या या खाडीत, जाळ्यांच्या पिंजऱ्यांत सॅल्मन मासे पाळायचे म्हणजे त्यांच्या उवाही आल्याच. कातडीला डसून बसतात, जखमा करतात. त्या वेचून खायला आम्ही त्याच पिंजऱ्यांत दुसरे छोटे मासे सोडतो: लाडवासारखे गोल, हिरवट, पोटाखालच्या चकतीने कुठेही चिकटून बसणारे. त्यांना रीतसर नाव आहे, पण ओड्नीने लाडोबा म्हटलं आणि तेच रुळलं. त्यांना सांभाळणं हे तिचं काम. त्याआधी अर्धं आयुष्य तिने गावच्या पाळणाघरात काढलेलं. "ही पोरं बरी," ती म्हणायची, "यांच्या आया भांडायला येत नाहीत."

त्या उन्हाळ्यात उवा वाढल्या. शुक्रवार होता, म्हणजे तराफ्यावरच्या खोलीत ओड्नीचे गरम वाफल. आमचा मुकादम आयलर्ट तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "पुढच्या मोजणीत उवा सरकारी हद्दीबाहेर गेल्या, तर गरम पाण्याने उवा पाडणारी बोट आणावी लागेल. सांगून ठेवलीय."

"अरे, या सॅल्मनचे कल्ले आधीच आजारी आहेत! गरम पाण्यातून काढलेस तर निम्मे मरतील."

"ठाऊक आहे गं. पण नियम मी केलाय का? तुझे लाडोबा नुसते बसलेत, मुक्कामाला आलेल्या जावयासारखे."

"त्यांना नावं ठेवायची नाहीत!" ती कडाडली आणि साच्यात पीठ ओतू लागली. तेवढ्यात तिची नजर आयलर्टच्या डब्याकडे गेली. पाव, तपकिरी चीज, सगळं तसंच. "हे कोण खाणार?"

"एवढे वाफल हाणल्यावर कोरडा पाव कोण चावेल?"

ओड्नीचा हात थांबला. पळी तशीच टाकून ती बाहेर धावली. सकाळी मेलेला एक लाडोबा बादलीत होता. तिने त्याचं पोट चिरलं. आत तिनेच घातलेलं खाणं ठासून भरलेलं, वर पिंजऱ्याच्या जाळ्यावरचं शेवाळ. ऊ एकही नाही.

"मीच," ती खाली बसली. "मीच यांची भूक मारली."

दुसऱ्या दिवशी तिने सगळी जाळी धुऊन घेतली, शेवाळाचा धागा राहू दिला नाही. खाणं फक्त संध्याकाळी, तेही चिमूटभर. सकाळी लाडोबा सवयीने तिच्या हातमोज्याला येऊन चिकटायचे. ती एकेकाला सोडवायची. "जा, कामाला लागा!" आणि तोंड फिरवायची.

"काय गं, सावत्र आई झालीस?" आयलर्ट ओरडला.

"गप बस, नाहीतर तुझेही वाफल बंद!"

मोजणीच्या दिवशी गुंगीचं औषध मिसळलेल्या पाण्याच्या टबात सॅल्मन आले. आयलर्ट एकेक उचलून उलटापालटा करत होता. आम्ही सगळे भोवती.

"पाठ?" ओड्नीने विचारलं.

"साफ."

"शेपटीकडे बघ, तिथे दडतात."

"साफ... थांब. एक आहे."

पुढचा मासा. साफ. त्याच्या पुढचा. साफ. मग दुसरा पिंजरा, तिसरा. शेवटी आयलर्टने टोपी काढली आणि पुटपुटला, "हद्दीच्या कितीतरी खाली."

"मोठ्याने बोल! मागच्यांना ऐकू येत नाही."

"हद्दीच्या खाली!" तो गरजला. "बोट नको!" आणि आम्ही असा काही गलका केला, की फोनवर बोट रद्द करताना त्याला दुसरा कान बोटाने बंद करावा लागला.

शेवटचा सॅल्मन ओड्नीने स्वतः उचलला. स्वच्छ पाण्यात धरला, गुंगी उतरेपर्यंत. कल्ले हलले, अंग ताठ झालं आणि त्याने शेपटीचा असा फटका मारला, की आयलर्ट फोनसकट चिंब!

"आणि मी यांना आजारी म्हणत होते!" ओड्नी इतकी मोठ्याने हसली, की कठड्यावरचे सीगल उडाले.