चोविसाव्या वर्षी सेवानिवृत्ती

मावशीचा फोन आला, "पल्लवीचा सत्कार हाय, ये." आमच्या खानदानात सत्कार ही दुर्मिळ गोष्ट. कसला, ते न विचारताच मी पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडली.

गाडी सकाळी वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावला सोडते. जाणार असाल तर उतरल्यावर आलूबोंडा-रस्सा खा, पण आधी पाण्याची बाटली घ्या. मी उलट क्रम केला आणि रडले. पुढे किन्हीराजाकडे एसटी जाते. ती चुकली तर ऑटो आहे, पण तो गच्च भरल्याशिवाय हलत नाही. मावशीचं गाव त्याच रस्त्याला थोडं आत आहे. नाव लिहू नकोस, असं तिने बजावलंय.

पल्लवी मावशीची धाकटी, बी.कॉम. सरकारच्या प्रशिक्षण योजनेतून ती ग्रामपंचायतीत बसायची. दाखले काढायची, म्हाताऱ्यांचे अर्ज ऑनलाइन भरायची. गाव तिला मॅडम म्हणायचं. आता मुदत संपली होती, आणि पुढे ठेवून घ्यायची सोय योजनेत नव्हती. सत्कार म्हणजे तिचा निरोप होता.

देवळासमोर मंडप, वर बॅनर: 'कु. पल्लवी यांचा सेवानिवृत्तीनिमित्त भव्य सत्कार'. छपाईवाल्याकडे निरोपाचा तेवढाच नमुना तयार होता म्हणे, आणि गावात कुणालाही त्यात काही खटकलं नव्हतं.

"पोरगी लागली कवा अन् रिटायर झाली कवा?" पुढे बसलेल्या एका आजोबांनी मोठ्याने विचारलं. मंडप हसला. मी तर पोट धरून हसले. पल्लवी हसली नाही.

सरपंचबाई शाल घेऊन आल्या, तशी ती मागे सरकली. "नारळ द्या काकू. शाल नाई घेत मी."

"काहून वं?"

"शाल पांघरली का माणूस घरी बसते. मले काम पायजे."

सरपंचबाईंनी शाल काखेत धरली आणि तिला जवळ ओढलं. "माह्या हाती असतं तं आजच देल्लं असतं, बाई."

मग पंगत बसली. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे पानगे आणि वांग्याची झणझणीत भाजी. असं जेवण पुण्यात पैसे टाकूनही मिळत नाही. पल्लवीचा घास हातात होता, तरी एक आजी मोबाईल घेऊन आलीच. "मॅडम, माह्यं केवायसी राह्यलं." पल्लवीने हात धुतले आणि मोबाईल घेतला.

परतल्यावर मी सगळ्यांना पानग्यांचंच कौतुक सांगत सुटले. बाकीचं सांगायचं कसं, ते सुचत नव्हतं. गावाचं तिच्यावर खरंच प्रेम आहे, आणि त्या प्रेमानेच मला जास्त वाईट वाटत होतं.

काल तिचा फोन आला. "ताई, मले ग्रामपंचायतीत बोलावलं!"

मी उठूनच उभी राहिले. "लागलीस?"

"नाई ना. नवीन पोरगी आली ट्रेनिंगले. तिले शिकवाले कोणी नाई."

"पैसे देतात?"

"चहा देतेत."

"मग जातेस कशाला?"

"लोकं खोळंबून राह्यले ना, ताई."